स्पीकरच्या तारेत चांदी शोधण्याआधी तांबे तपासावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या ध्वनियंत्रणेसंबंधी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात स्पीकरच्या तारेसाठी चांदी सर्वोत्तम, तिच्याखालोखाल ऑक्सिजनमुक्त तांबे आणि साधे तांबे केवळ चालवून घेण्याजोगे, अशी धातूंची उतरंड लावून दिली होती. वाहकतेच्या दृष्टीने ही उतरंड खोटी म्हणता येणार नाही; परंतु दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापुढे जी खरी निवड असते, तिच्याशी या उतरंडीचा फारसा संबंध नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्पीकरची तार मागणाऱ्याला तांबे आणि तांब्याचा मुलामा दिल्यामुळे तांब्यासारखे दिसणारे ॲल्युमिनियम यांतून निवड करायची असते, आणि ती आपण करत आहोत हे बहुधा त्याला ठाऊकही नसते. लेखात या दुसऱ्या वस्तूचे नावही नव्हते. विद्युत अभियांत्रिकी शिकवण्यात नोकरीचा काळ गेलेला एक वाचक म्हणून ती उणीव भरून काढावी, यासाठी हे पत्र.

मूळ हिशेब साधा आहे. ॲम्प्लिफायरमधून निघालेला प्रवाह तारेच्या एका पदरातून स्पीकरपर्यंत जातो आणि दुसऱ्या पदरातून परत येतो. म्हणून अंतर १० मीटर असेल तर तार २० मीटरची धरावी लागते. तिचा रोध (प्रवाहाला होणारा, ओममध्ये मोजला जाणारा अडथळा) धातू, लांबी आणि जाडी, म्हणजे काटछेदाचे क्षेत्रफळ, या तीन गोष्टींवर ठरतो. १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या आणि १ मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओम असतो. दुकानदार जिला ‘दीड स्क्वेअर’ म्हणतात ती, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, तार १० मीटर अंतरासाठी ओढली, तर जाऊन-येऊन साधारण पाव ओम रोध पडतो. स्पीकरवर ८ ओम लिहिलेले असेल, तर त्याच्या तुलनेत हा रोध तीन टक्क्यांच्या आसपास येतो. तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा या क्षेत्रातला व्यवहारी संकेत आहे, आणि त्यात ही तार आरामात बसते. स्पीकर ४ ओमचा असेल तर मात्र तीच तार सहा टक्क्यांच्या घरात जाते आणि ‘अडीच स्क्वेअर’ घेणे शहाणपणाचे ठरते.

आता चांदीकडे पाहू. चांदी तांब्यापेक्षा अधिक चांगली वाहक आहे हे खरे, पण किती अधिक, तर सुमारे सहा टक्के. याचा अर्थ असा, की दीड चौरस मिलिमीटरच्या शुद्ध चांदीच्या तारेने जे काम होते, ते तांब्याच्या १.६ चौरस मिलिमीटरच्या तारेने तसेच होते. एवढ्याशा फरकासाठी कुणी सराफाच्या भावाने तार घ्यावी, हे ज्याच्या त्याच्या हौसेवर आणि खिशावर सोडून द्यावे; परंतु वृत्तपत्राने तिला सर्वोत्तम म्हणताना हा सहा टक्क्यांचा आकडाही शेजारी छापायला हवा होता. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यात तर हा फरक आणखी कमी पडतो, कारण तेथे प्रवाहाचा बहुतेक भार आतले तांबेच वाहते.

ऑक्सिजनमुक्त तांब्याबद्दलचा गैरसमज अधिक पसरलेला आहे. विजेच्या तारांसाठी जगभर जे नेहमीचे तांबे वापरतात, त्याची शुद्धता ९९.९ टक्के असते आणि त्यात ऑक्सिजनचे प्रमाण दशलक्षात काहीशे भाग एवढे असते. ते काढून टाकल्याने वाहकता वाढते ती फार तर एका टक्क्याच्या आसपास. ऑक्सिजनमुक्त तांब्याची गरज वेगळ्याच ठिकाणी भासते. नेहमीचे तांबे हायड्रोजनच्या सान्निध्यात खूप तापवले, तर आतल्या ऑक्साइडशी हायड्रोजनचा संयोग होऊन वाफ तयार होते आणि तिच्या दाबाने धातूला सूक्ष्म तडे जातात. म्हणून निर्वात नळ्या आणि कण-त्वरक यांसारख्या उपकरणांत ऑक्सिजनमुक्त तांबे लागते. आपल्या दिवाणखान्यात स्पीकरची तार कोणी भट्टीत घालत नाही. अर्थात, ‘ऑक्सिजनमुक्त’ असा शिक्का असलेली तार निदान तांब्याची तरी असेल, एवढ्या भरवशासाठी थोडे पैसे जास्त मोजले तर त्यात गैर नाही. फक्त तो शिक्का खरा आहे ना, हे पाहावे लागते, कारण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेवरही तो छापलेला मी पाहिला आहे.

मुलाम्याच्या या तारेची रचना अशी असते: आत ॲल्युमिनियमची बारीक तार आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर. नेहमीच्या मालात तांब्याचा वाटा आकारमानाने १० ते १५ टक्के असतो. अशा तारेची वाहकता तांब्याच्या सुमारे ६५ टक्केच भरते. वर हिशेब केलेल्या १० मीटर अंतरासाठी दीड स्क्वेअरची अशी तार वापरली, तर पाव ओमाऐवजी सुमारे ०.४ ओम रोध पडतो.

यावर काही विक्रेते एक शास्त्रीय वाटणारा युक्तिवाद ऐकवतात. बदलता प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो, पृष्ठभाग तर तांब्याचाच आहे, मग आत काही का असेना, असे ते सांगतात. युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे, म्हणूनच तो फसवतो. टीव्हीच्या केबलमध्ये वारंवारता कोट्यवधी हर्ट्झची असते. १० कोटी हर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या ६ ते ७ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थरातच एकवटतो, आणि तेथे मुलाम्याची तार उत्तम काम देते. आपल्या कानाची वरची मर्यादा मात्र २०,००० हर्ट्झ आहे, आणि त्या वारंवारतेलाही प्रवाह तांब्यात सुमारे अर्धा मिलिमीटर खोल शिरतो. स्पीकरच्या तारेतला एकेक धागा जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा आणि त्यावरचा मुलामा जेमतेम ५ मायक्रॉनचा असतो. म्हणजे बहुतेक प्रवाह आतल्या ॲल्युमिनियममधूनच वाहणार, आणि खालच्या स्वरांना तर शंकाच नको.

हे सारे कानाला जाणवते का, हा प्रश्न रास्त आहे. नुसता आवाज किंचित कमी झाला, तर बटण थोडे फिरवून तो भरून काढता येतो. अडचण अशी, की स्पीकरवर लिहिलेला ८ किंवा ४ ओम हा आकडा नाममात्र असतो. ४ ओमच्या एखाद्या स्पीकरचा प्रत्यक्ष रोध काही स्वरांना ३.२ ओमपर्यंत उतरतो आणि काही स्वरांना २० ओमपर्यंतही चढतो. तारेत ०.४ ओम रोध असेल, तर पहिल्या ठिकाणी सुमारे १ डेसिबल घट होते आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा पाचवा-सहावा हिस्साच होतो. परिणामी स्पीकर बनवणाऱ्याने साधलेला स्वरांचा तोल आपल्या घरात थोडा बिघडतो, आणि तो आवाजाचे बटण फिरवून परत येत नाही. रोध ०.१ ओमवर आणला, तर पहिल्या ठिकाणची घट पाव डेसिबलच्या आसपास राहते. त्याहून खाली उतरण्यात, माझ्या मते, फारसे हशील नाही. १९८३ साली अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने महागडी जाड केबल, १६ गेजची (गेज हे तारेच्या जाडीचे माप) साधी तार आणि २४ गेजची अगदी बारीक तार यांची तुलना, कोणती तार जोडली आहे हे श्रोत्यांना न कळू देता, करवून घेतली होती. बारीक तार त्यांना वेगळी ओळखू आली. पण संगीत ऐकताना महागडी केबल आणि १६ गेजची साधी तार यांतला फरक सांगता आला नाही. तारेवर बाण छापून ‘प्रवाहाची दिशा’ दाखवणाऱ्या केबलबद्दल इतकेच म्हणतो, की स्पीकरमधला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असतो, त्याला त्या बाणाचा पत्ता नसतो.

ॲल्युमिनियम हा वाईट धातू आहे असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या गावोगावी वीज पोहोचवणाऱ्या उच्चदाब वाहिन्या ॲल्युमिनियमच्याच असतात, आणि ज्या मुलाम्याच्या तारेविरुद्ध मी लिहितो आहे, तीच तार अनेक ट्वीटरच्या (वरच्या स्वरांसाठीच्या छोट्या स्पीकरच्या) आणि हेडफोनच्या आतल्या वेटोळ्यांत मुद्दाम वापरतात, कारण तेथे वजन कमी असणे महत्त्वाचे असते. ती तार तिच्या नावाने आणि तिच्या भावाने विकली, तर गिऱ्हाईक एक माप मोठे घेऊन आपले काम भागवू शकते. अडीच स्क्वेअरची मुलाम्याची तार तांब्याच्या दीड स्क्वेअरपेक्षा किंचित सरसच ठरते. आक्षेप आहे तो तिला तांबे म्हणून विकण्याला. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे आणि किलोचा भावही तांब्याच्या मानाने बराच खाली असतो, त्यामुळे समान जाडीच्या तारेत धातूचा खर्च किती घटतो, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. ती बचत गिऱ्हाइकाच्या पदरात पडत नाही.

शिवाय जोडणीचा प्रश्न आहे. तांब्याच्या टंचाईच्या काळात आपल्याकडच्या अनेक इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या, आणि जुन्या घरांत स्विचमागची जोडणी ढिली होऊन तापते, याचा अनुभव वायरमन मंडळींना चांगलाच आहे. स्क्रूच्या दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकते, त्याच्या पृष्ठभागावर लगेच ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो थर वीज वाहत नाही. स्पीकरच्या जोडणीत आगीची भीती नसते, पण कापलेल्या टोकाशी हेच घडते आणि एके दिवशी आवाज खरखरू लागतो. कोकणपट्टीच्या, मुंबईच्या आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून उघडे राहिले, की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. तेथे राहणाऱ्यांनी कल्हई केलेल्या, म्हणजे कथिलाचा मुलामा असलेल्या, तांब्याची तार मिळाली तर ती घ्यावी. बोटींवरच्या वायरिंगसाठी अशीच तार पसंत केली जाते.

याच कथिलावरून आणखी एक घोटाळा होतो. पारदर्शक आवरणाच्या तारेत एक पदर तांबूस आणि दुसरा रुपेरी दिसतो. तो रुपेरी पदर चांदीचा असल्याचे सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत. खरे तर तो बहुधा कथिलाचा मुलामा असतो, आणि धन कोणता व ऋण कोणता हे चुकू नये एवढाच त्याचा उपयोग असतो. तो उपयोगही लहान समजू नये, कारण दोनपैकी एका स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर तबल्याचा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज पोकळ वाटू लागतात, आणि दोष मात्र तारेच्या धातूला दिला जातो.

तार ओळखायची कशी, हे लेखात यायला हवे होते. सर्वांत सोपा उपाय वजनाचा. दीड स्क्वेअरच्या दोन पदरी १० मीटर तारेत नुसते तांबेच २७० ग्रॅमच्या आसपास भरते. मुलाम्याच्या तारेत धातू १०० ग्रॅमच्या आसपास असतो. आवरणाचे वजन दोन्हींत सारखेच धरले, तरी हातात घेतल्यावर फरक कळतो. दुसरा उपाय ब्लेडचा: एक धागा घेऊन त्यावर ब्लेड हलकेच घासावे, आत पांढरा धातू दिसला, तर प्रश्न मिटला. कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्यात याच्या उलट दिसते, म्हणजे वर पांढरे आणि आत तांबूस. चुंबकाला तार चिकटली तर आत लोखंड आहे असे समजून दुकानातून बाहेर पडावे. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी तुकडा मोजण्याच्या भानगडीत पडू नये, कारण इतका कमी रोध साध्या मीटरवर नीट उमटत नाही. त्याऐवजी ९० मीटरचे अख्खे बंडल घेऊन एका टोकाला दोन्ही पदर जोडावे आणि दुसऱ्या टोकाला मोजावे. दीड स्क्वेअर तांब्याला २ ते २.४ ओम यायला हवेत. ३ च्या पुढे आकडा गेला, तर धातू तांबे नाही किंवा जाडी दीड नाही. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून वजा करायला विसरू नये.

जाडीबाबतही खबरदारी घ्यावी लागते, कारण ‘गेज’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरात आहे. ब्रिटिश पद्धतीच्या १६ गेजचे क्षेत्रफळ २ चौरस मिलिमीटरच्या थोडे वर जाते. अमेरिकी पद्धतीच्या १६ गेजचे १.३ चौरस मिलिमीटरच असते. परदेशी सल्ला वाचून इथे १६ गेज मागणाऱ्याला कोणते मिळेल, हे दुकानदारावर अवलंबून असते. ‘शंभर तारांची’, ‘दोनशे तारांची’ अशी जी वर्णने ऐकू येतात, त्यांवरूनही काही ठरत नाही, कारण एकेक धागा किती जाड आहे हे कोणी सांगत नाही. चौरस मिलिमीटरमधला आकडाच मागावा. जाड, मऊ, पारदर्शक आवरण पाहून तार जाड आहे असे समजणे हा तर सर्रास होणारा प्रकार आहे.

माझ्या स्वतःच्या सल्ल्याने काही दुकानदार नाराज होतील, पण तो देतो. विजेच्या घरगुती जोडणीसाठी मिळणारी, आयएसआय शिक्क्याची, दीड किंवा अडीच स्क्वेअरची तांब्याची लवचिक तार स्पीकरसाठी अगदी योग्य असते. आयएस ६९४ या मानकाखाली येणाऱ्या तारांना २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये हा शिक्का बंधनकारक आहे, तर स्पीकरची म्हणून विकल्या जाणाऱ्या सुट्या तारेवर तो सहसा दिसत नाही. लाल आणि काळी अशा दोन तारा एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात. त्या लांब लांब ठेवल्या, तर प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वाढून वरच्या स्वरांवर थोडा परिणाम होतो. टोकाला डाख (सोल्डर) लावून मग स्क्रूखाली दाबण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण डाख दाबाखाली बसतो आणि जोडणी ढिली पडते. थिंबल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) किंवा बनाना प्लग (स्पीकरच्या खाचेत बसणारी पिन) दाबून बसवावा. भिंतीतून नेताना विजेच्या तारांच्या पाइपातून स्पीकरची तार कधीही नेऊ नये. हा आवाजापेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

येथे एक शंका हमखास विचारली जाते, की गणेशोत्सवात मांडवापासून चौकापर्यंत बारीक तारेवर कर्णे वाजतात, मग घरात जाड तार कशाला? मांडवातले कर्णे बहुधा १०० व्होल्टच्या वाहिनीवर चालतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो. १०० वॅटसाठी तेथे १ अँपिअर पुरतो. घरच्या ८ ओमच्या स्पीकरला तेवढ्याच शक्तीसाठी साडेतीन अँपिअर लागतात, आणि तारेतला अपव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे येथे सुमारे बारा पटींनी, वाढतो.

सर्वांत अधिक फसगत होते ती नव्या सदनिकांत. पीओपीचे छत करतानाच मागच्या स्पीकरच्या तारा आत टाकून घेतल्या जातात, आणि त्या कोणत्या धातूच्या व किती जाडीच्या आहेत हे घरमालक विचारत नाही, कंत्राटदार सांगत नाही. मागच्या स्पीकरचे अंतर छतातून वळसे घेत सहज १५ मीटरपर्यंत जाते. टेबलावरची तार उद्या बदलता येते. छतातली बदलायची तर छत फोडावे लागते. माझ्या परिचयातील एका कुटुंबावर तशी पाळी आली आहे. छत बंद होण्यापूर्वी तारेचे एक टोक कापून ब्लेडने घासून पाहणे आणि कंत्राटाच्या दरपत्रकात ‘तांबे, अडीच चौरस मिलिमीटर’ असे शब्द लिहून घेणे, एवढे घरमालकाने केले तरी पुरे.

वस्तूची गुणवत्ता, शुद्धता आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला दिलेला आहे, आणि मुलाम्याची तार तांब्याची म्हणून विकली गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पावतीवर ‘स्पीकर वायर’ एवढेच न लिहिता धातू आणि क्षेत्रफळ लिहून घेणे आवश्यक आहे. मोघम पावतीवर तक्रार टिकत नाही.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की पुरवणीतील लेखाला जोडून १.५, २.५ आणि ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार ४ आणि ८ ओमच्या स्पीकरला किती अंतरापर्यंत चालते, याचा छोटा तक्ता प्रसिद्ध करावा. तो मी तयार करून पाठवण्यास राजी आहे. दुसरी थोडी अवघड आहे. सणासुदीच्या दिवसांत आपल्या पानांवर होम थिएटरच्या ज्या जाहिराती येतात, त्यांत ‘प्रीमियम केबल मोफत’ असे शब्द असतात. त्या केबलचा धातू आणि जाडी जाहिरातीत छापावी, असा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा.

आपला नम्र,
एक निवृत्त अध्यापक, पुणे